जावयाने मोजलेल्या गाद्या

सोमवार, ६ एप्रिल

ऑडिटरच्या ऑफिसात डायऱ्यांना तोटा नसतो. वर्ष बदललं की प्रत्येक कंपनी एकेक पाठवते आणि आम्ही त्या कपाटात कोंबतो. काकांचा नियम असा, की कंपनीकडून डायरी घ्यायची, बाकी साधं चॉकलेटसुद्धा घ्यायचं नाही. ही डायरी गाद्यांच्या कारखान्याची आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी 'निवांत झोपा' असं छापलंय. मी आजवर एकाही डायरीत अक्षर लिहिलेलं नाही. आज लिहितेय, कारण आज ऑफिसात यंत्र आलं आणि ते आणायचा हट्ट माझा होता. जमलं तर पुढे मिरवायला काहीतरी लिहिलेलं असावं. तोंडावर आपटले, तर ही पानं फाडता येतील.

यंत्र म्हणजे बघायला काहीच नाही. एक नवा कॉम्प्युटर, दोन स्क्रीन आणि आत एआय. कंपनीचे सगळे हिशेब त्याच्या पोटात घालायचे, ते चाळून सांगतं कुठे पाणी मुरतंय. आम्ही इतकी वर्षं काय करायचो, तर बिलांच्या गठ्ठ्यातून मूठभर उचलून तपासायचो आणि उरलेली देवाच्या भरवशावर सोडायचो. हे सगळीच्या सगळी वाचतं. विकायला आलेला माणूस तासभर बोलत होता आणि काका डोळे मिटून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "हे सही करतं का?"

"नाही सर, सही तुमचीच."

"मग ठीक आहे," असं म्हणून काका केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

काका म्हणजे माझे सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. ऑफिस त्यांचं. मी शिकून बाहेर पडले ती थेट त्यांच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसले, आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत. जूनअखेर काका निवृत्त होणार आणि ऑफिस माझ्याकडे येणार. त्यांची शेवटची मोठी सही याच गादी कारखान्याच्या ताळेबंदावर व्हायची आहे. कारखाना पहिल्यांदाच बाहेरच्या लोकांकडून भांडवल मागणार आहे आणि लोक पैसे घालणार ते काकांची सही बघून. आजवर काकांना केलेली सही कधी मागे घ्यावी लागलेली नाही. ही शेवटचीसुद्धा तशीच जावी, एवढंच त्यांचं मागणं आहे. आणि त्याची सगळी तयारी माझ्यावर आहे.

गुरुवार, ९ एप्रिल

यंत्राचं बारसं झालं. आमच्या ऑफिसच्या बाई, म्हणजे फायली, चहा, टपाल आणि सगळ्यांचे मूड सांभाळणाऱ्या बाई, त्याला 'जावई' म्हणतात. कारण खिडकीजवळची गार जागा त्याला, नवी खुर्ची त्याच्यासमोर, एसी त्याच्यासाठी, आणि त्याच्याजवळ पाण्याचा ग्लाससुद्धा न्यायचा नाही असा माझा हुकूम. "काम काय करतात ते अजून कळलं नाही, पण मान मोठा आहे," असं बाई म्हणाल्या.

काम काय करतो ते आज दुपारी दाखवलं. कारखान्याच्या वर्षभराच्या खरेदीची बिलं त्याने माझा चहा संपेपर्यंत वाचली. एका पुरवठादाराचं बिल दोनदा चुकतं झालेलं त्याने पकडलं, ते आमच्या बापजन्मात सापडलं नसतं. मी धावत काकांना सांगायला गेले. काका म्हणाले, "छान. पण माझी आणि त्याची ओळख करून देऊ नकोस. या वयात नवे नातेवाईक नकोत."

मंगळवार, १४ एप्रिल

गोदामांवरून वाजलं.

कारखान्याची चार गावांत चार गोदामं आहेत. तयार गाद्यांचा साठा तिथे असतो आणि ताळेबंदातला सगळ्यात मोठा आकडा तोच. काकांची पद्धत ठरलेली. एकाच सकाळी, एकाच वेळी, चारी गोदामांत आपली चार माणसं उभी करायची आणि मोजणी संपेपर्यंत दारातून काही हलू द्यायचं नाही. "गाद्यांना पाय असतात," असं ते दरवर्षी म्हणतात. म्हणजे इथल्या मोजून झालेल्या गाद्या ट्रकात घालून तिथे नेल्या, तर त्याच परत मोजल्या जातात.

मी म्हटलं, काका, माणसं कुठून आणू? दोघं सोडून गेली, तुमचा गुडघा तुम्हाला ऑफिसचा जिनासुद्धा धड चढू देत नाही. त्यापेक्षा कारखान्याच्या लोकांनी फोटो काढून पाठवायचे आणि जावई फोटोतल्या गाद्या मोजेल. प्रत्येक गोदामाची वेगळी फाइल, त्यांच्या सोयीने वेगळा दिवस, आणि फाइलमधल्या यादीशी फोटो जुळवायचे. सुटसुटीत.

काका बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "तुला खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"तू म्हणतेस तर ठीक."

इतक्या पटकन ऐकतील असं वाटलं नव्हतं. जिंकल्याचा आनंद झाला.

शुक्रवार, १७ एप्रिल

आज रंगीत तालीम केली. काकांकडचे जुने फोटो जावयाला दिले. त्याने झोपलेल्या वॉचमनला गादी म्हणून मोजलं. गुंडाळलेली सतरंजीही मोजली. बाई हसून हसून बेजार झाल्या. मी त्याला ठणकावून सांगितलं, की गादी सोडून बाकी कशाकडेही लक्ष द्यायचं नाही. माणसं, भिंती, शिड्या, काही बघायचं नाही. नंतर शहाण्यासारखं मोजायला लागला. सांगितलेलं ऐकतो, हा मोठाच गुण. घरात हा गुण कोणात नाही.

बुधवार, २२ एप्रिल

पहिल्या गोदामाचे फोटो आले. कारखान्याचा हिशेबनीस फार गोड बोलतो. बाईंनी त्याचं नाव 'साखऱ्या' ठेवलंय. "मॅडम, तुमच्यासारखं आधुनिक ऑफिस मी पाहिलं नाही. आधीच्या पद्धतीत आमचा अख्खा दिवस जायचा." मी विचारलं, फोटोबरोबर जागेची नोंद का येत नाही? तर म्हणाला, "गोदामात नेटवर्क नसतं मॅडम, बाहेर येऊन पाठवावे लागतात." पटण्यासारखं आहे. आमच्या जिन्यातही नेटवर्क नसतं.

जावयाने मोजलं. यादीशी तंतोतंत.

एका फोटोत गाद्यांच्या थप्पीवर एक मांजर पसरली होती. भगवी, पुढचा एक पंजा पांढरा, मागच्या पायावर जांभळं काहीतरी. कारखान्याच्या जाहिरातीत घ्यावी अशी झोपली होती.

मंगळवार, २८ एप्रिल

ऑफिसात उंदीर झालाय. सोमवारी सकाळी जावयाच्या कीबोर्डवर बिस्किटाचा चुरा होता. मागच्या सोमवारीही होता, तेव्हा मला वाटलं माझाच असेल. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी शनिवारी सगळं पुसून जाते. रविवारी कोण येतं ते बघा." रविवारी कोण येणार? फक्त काका झाडांना पाणी घालायला येतात. तरी झाडं वाळतायत ते वेगळंच. उन्हाळा कडक आहे.

उंदराने वायर कुरतडली तर माझी सगळी मेहनत पाण्यात. सापळा आणते.

दुसऱ्या गोदामाचे फोटो आले. तंतोतंत. गंमत म्हणजे इथेही एक भगवी मांजर आहे, पांढऱ्या पंजाची. एकाच घराण्यातल्या असणार. कारखान्याने उंदरांसाठी पाळल्या असतील. साखऱ्याला म्हणावं, एक आमच्याकडेही पाठवा.

बुधवार, ६ मे

तिसरं गोदाम. जुळलं. इथेही भगवी मांजर, आणि हिच्याही पायावर जांभळं. मला वाटतं ही जातच तशी असावी. नवऱ्याला विचारायला हवं, तो जनावरांचा डॉक्टर आहे. पण हल्ली तो घरी येतो तेव्हा त्याच्या अंगाला कुत्र्यांचा आणि माझ्या डोक्याला गाद्यांचा वास असतो, बोलणं होतच नाही.

काका आज स्वतःहून जावयाजवळ येऊन उभे राहिले. मी काय टाइप करते ते वाकून बघत होते. मी वळले तर म्हणाले, "एसी छान आहे इथे."

सोमवार, ११ मे

चौथं गोदामही जुळलं. चारात चार, मांजरीसकट. मी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. साखऱ्याने फोनवर अभिनंदन केलं, म्हणाला एवढं निर्विघ्न ऑडिट त्याने कधी पाहिलं नव्हतं.

आता मला माझ्याबद्दल खरं लिहायला हरकत नाही. काका निवृत्त होणार म्हणून मी गेले वर्षभर आतून घाबरलेली होते. लोक ऑफिसात यायचे ते काकांसाठी. माझ्याकडे बघून बोलायचे, पण शेवटी "एकदा साहेबांना विचारून घ्या" असं म्हणायचेच. जावई आल्यापासून ती भीती गेली. काकांकडे अनुभव आहे, माझ्याकडे हे आहे. लोकांनी आता कोणाला विचारायचं ते विचारावं.

आणि उंदीर काही सापळ्यात येत नाही. बिस्किटं मात्र खातो.

सोमवार, १८ मे

काकांच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी. म्हणाले, ड्रॉवरमध्ये सापडलं. बाई तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. काय झालं कोण जाणे, मला कोणी काही सांगत नाही. सापळा उडालेला होता, पण रिकामा. हुशार उंदीर आहे.

दुपारी काकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ताळेबंद समोर पडलेला. सही करून टाकतील असं वाटलं. तर विचारलं काय, "हे तुझं जावईप्रकरण कधी चुकतं का?"

मला हसू आलं. म्हटलं, "चुकतं ना. अडाण्याच्या हातात दिलं तर काहीही बरळतं. कसं विचारायचं ते कळायला हवं. म्हणून तर मी कोणाला हात लावू देत नाही."

"असं का," काका म्हणाले. थोडा वेळ ते बोटाची पट्टी सारखी करत बसले. मग म्हणाले, "गोदामं तू स्वतः बघितलीस ना?"

"काका, एक-एक गादी बघितली."

आता मी म्हणजे जावयाने. पण ते एकच झालं. त्याने जे बघितलं ते स्क्रीनवर मीच बघितलं की.

"मग काही प्रश्नच नाही," असं ते म्हणाले, पण सही काही केली नाही. चष्मा सापडत नव्हता म्हणे. चष्मा कपाळावर होता.

शुक्रवार, २२ मे

काकांची टाळाटाळ चालू आहे. मंगळवारी पोट बिघडलं. बुधवारी पेनात शाई नव्हती. मी माझं पेन पुढे केलं तर म्हणाले, दुसऱ्याच्या पेनाने त्यांनी कधी सही केलेली नाही. काल साखऱ्याचा तीनदा फोन आला. त्यांच्या भांडवलाची जाहिरात छापायची खोळंबली आहे.

मला वाटतं, काकांना निवृत्त व्हायचंच नाहीये. ही सही झाली की संपलं, म्हणून ती होत नाही. मला भरून आलं. पण रागही आला. इतकी वर्षं ज्या माणसाने मला 'काम अडवून धरू नये' म्हणून झापलं, तोच आज रुसलेल्या नवऱ्यामुलासारखा वागतोय. शेवटी मी स्पष्ट सांगितलं, पुढच्या शुक्रवारी साखऱ्याला बोलावते, त्याच्यासमोर सही करून टाका.

"बरं," काका म्हणाले. "तू म्हणतेस ना."

बुधवार, २७ मे

आज कळलं ते क्रमाने लिहून काढते.

नवरा डबा घरी विसरून गेला, म्हणून दुपारी त्याच्या दवाखान्यात गेले. बाकावर एक बाई पोपट घेऊन बसल्या होत्या आणि पोपट सगळ्यांना शिव्या देत होता. आत नवरा हात धूत होता. तो जेवेपर्यंत करमणूक म्हणून मी त्याला मोबाइलवर माझ्या चार मांजरी दाखवल्या. म्हटलं, बघ कारखान्याचं घराणं.

त्याने एका हाताने पोळी धरून दुसऱ्या हाताने फोटो मागे-पुढे केले.

"चार कुठे आहेत?"

"ह्या काय. प्रत्येक गोदामात एक."

"अगं, ही एकच आहे."

मी म्हटलं, सगळ्या भगव्या मांजरी सारख्याच दिसतात. तो म्हणाला, "तुला दिसतात. पंजा बघ, पांढरं वरपर्यंत चढलंय आणि आतल्या बाजूने तुटलंय, चारही फोटोंत. आणि हे जांभळं जखमेवर लावायचं औषध आहे. आम्हीच लावतो. मांजर ते चार दिवसांत चाटून साफ करते. तुझ्या तारखा काय आहेत?"

मी तारखा सांगितल्या. पहिला फोटो एप्रिलमधला, शेवटचा मेमधला.

"मग हे सगळे फोटो एकाच दिवसाचे आहेत," तो म्हणाला आणि पुढचा घास घेतला. "नाहीतर ही मांजर दर आठवड्याला नव्या गावी जाऊन त्याच पायाला लागून घेते."

बाहेर पोपट ओरडत होता. जावयाची काहीच चूक नव्हती. त्याला मी गाद्या सोडून काही बघू नकोस म्हणून सांगितलं होतं. चार गोदामांच्या चार फाइली मी केल्या होत्या, त्या एकमेकींशेजारी ठेवून बघ असं त्याला कोणी सांगितलंच नाही. आणि मांजर तर मी स्वतः बघितली होती. चारदा.

गुरुवार, २८ मे

सुट्टी घेतली, कोणाला काही बोलले नाही. सकाळी गाडी काढली.

दुसऱ्या गोदामाच्या पत्त्यावर शटर होतं, गंजून जमिनीला चिकटलेलं. शेजारच्या टायरवाल्याने सांगितलं की ते दोन उन्हाळे उघडलेलं नाही. तिसऱ्या गोदामात बॅडमिंटन चालू होतं. खरोखर. वर दिवे, खाली हिरवं कोर्ट, आणि दोन आजोबा घामाघूम होऊन एकमेकांवर खोटं खेळल्याचा आरोप करत होते. मी दारात बावळटासारखी उभी राहिले तर एकाने विचारलं, "मेंबर व्हायचंय का?" चौथ्याच्या पत्त्यावर एक शाळेची भिंत होती, तिला दारही नव्हतं.

पहिलं गोदाम खरं होतं. गाद्या होत्या, यादीतल्या एका गोदामापुरत्या. बाकी तीन गोदामांचा माल फक्त कागदावर. खिडकीखाली भिंतीला मोठा तडा गेलेला, तोही सगळ्या फोटोंत आहे, आता घरी येऊन बघितलं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, एप्रिलमध्ये एकदा हिशेबाचे साहेब आले होते, दिवसभर गाद्या इकडून तिकडे करून फोटो काढत होते. आमची कंबर मोडली."

परत येताना रस्ताभर मी साखऱ्याला शिव्या देत होते. गावाच्या हद्दीत शिरल्यावर त्या आपोआप बंद झाल्या. उद्या शुक्रवार. काकांना फोन करावा असं दहादा वाटलं, पण हे फोनवर कसं सांगतात ते मला येत नाही.

शुक्रवार, २९ मे

मी पोचले तेव्हा साखऱ्या बाहेरच्या सोफ्यावर फुलांचा गुच्छ घेऊन बसलेला होता. "या मॅडम, तुमचीच वाट." मी त्याच्याकडे न बघता केबिनमध्ये शिरले आणि दार लावलं.

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताळेबंद उघडा, पेन उघडं.

"काका, सही करू नका."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शटर, बॅडमिंटन, शाळेची भिंत, मांजर. काका दचकतील, चिडतील, निदान खुर्चीतून उठतील असं वाटलं होतं. ते फक्त कानापर्यंत लाल झाले.

"आणि खिडकीखाली तडा आहे," ते म्हणाले.

तड्याचं मी अजून बोललेच नव्हते.

"तुम्हाला कसं माहीत?"

काकांनी पेनाचं टोपण शोधलं, लावलं, पुन्हा काढलं. मग शाळेत पकडलेल्या मुलासारखं बोलू लागले. गेले दोन महिने रविवारी झाडांच्या नावाखाली ते जावयासमोर बसत होते. सगळ्यांसमोर नाकं मुरडल्यावर शिकवा म्हणायची लाज वाटली, म्हणून बाईंकडून चावी आणि बिस्किटांचा पुडा घेऊन एकटेच शिकत होते. बोट सापळ्यातच गेलं होतं. चौथ्या गोदामाचे फोटो आल्यावर त्यांनी आपल्या जुन्या सवयीने चारी फाइली एकत्र उघडल्या आणि जावयाला विचारलं, की यात सगळीकडे सारखं काय आहे? त्याने लगेच सांगितलं. भिंत तीच, तडा तोच, मांजर तीच.

मी अक्षरशः ओरडले. "मग बोलला का नाहीत, काका? इतके दिवस?"

"मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं असणार. तूच म्हणालीस, अडाण्याच्या हातात ते काहीही बरळतं."

"पण शंका तर आली ना? मला विचारायचं."

"विचारलं की. तू स्वतः बघितलंस का म्हणून विचारलं. तू म्हणालीस, एक-एक गादी बघितली." त्यात टोमणा नव्हता. काका टोमणा मारतात तेव्हा त्यांची डावी भुवई चढते, ती जागेवर होती. "ते एक सांगत होतं, तू एक सांगत होतीस. तुला मी तू दप्तर ओढत चालायचीस तेव्हापासून ओळखतो. त्याला एप्रिलपासून. मी कोणाचं खरं मानणार?"

"आणि मी आता आले नसते तर?"

"तर सही झाली असती," काका म्हणाले. "कारखान्याच्या माणसाला आत बोलावणारच होतो."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. साखऱ्याने मला फसवलं याचं काही वाटलं नाही, तो त्याचा धंदाच आहे. माझ्यावर आयुष्यात इतका विश्वास कोणी टाकला नव्हता, आणि ज्या दिवशी तो दिसला त्या दिवशी मी त्याला लायक नव्हते. काकांची इतक्या वर्षांची सही माझ्या एका थापेवर जाणार होती. मी तिला थाप मानतसुद्धा नव्हते.

बाहेर आले तेव्हा काकांनी साखऱ्याला समोर बसवलं होतं. साखऱ्या म्हणत होता, "सर, ते फोटो प्रातिनिधिक होते." काका म्हणाले, "मग माझी सहीपण प्रातिनिधिक समजा. दुसऱ्या कोणाच्या तरी ताळेबंदावर केलेली आहे, तिचा फोटो काढून न्या." बाईंनी त्याचा गुच्छ त्याच्या हातात परत दिला.

सोमवार, ८ जून

अहवाल लिहून झाला. कारखान्याचे हिशेब खरी परिस्थिती दाखवत नाहीत, असं आम्ही कारणांसकट लिहिलं आहे. मालकाने आम्हाला काढून टाकायची धमकी दिली, मग विनवण्या केल्या, मग पुन्हा धमकी दिली. भांडवलाची जाहिरात थांबली आहे. कोणाचे पैसे बुडाले नाहीत. मालकाच्या मते आम्ही जुनाट आहोत आणि आम्हाला नवं तंत्रज्ञान कळत नाही.

या वेळी मी चारही पत्त्यांवर पुन्हा गेले, बाईंना आणि नवऱ्याला घेऊन, एकाच सकाळी. जावयाला सगळे फोटो एकत्र दिले आणि काकांना त्याच्यासमोर बसवलं. काय विचारायचं ते काकांनी ठरवलं, मी टाइप केलं. दोघांचं बरं जमतं. काका त्याला 'अहो' म्हणतात.

दुपारी अहवाल घेऊन केबिनमध्ये गेले. काकांची या ऑफिसातली शेवटची सही, आणि तीही अशा कागदावर. मला वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "सावकाश वाचा. कुठे काही खटकलं तर सांगा."

काकांनी शेवटचं पान उलटलं.

"वाचा ना, काका."

"तू बघितलंस ना?"

मी हो म्हणायच्या आधी सगळं मनात पुन्हा तपासून घेतलं. शटर, कोर्ट, भिंत, मोजलेली प्रत्येक थप्पी. त्याला वेळ लागला. काका थांबले होते.

"बघितलं," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा न लावताच सही केली आणि पाण्याचा ग्लास उचलून वाळलेल्या झाडांकडे गेले.